वीसच्या वेगाने सांडलेली पातळ भाजी

वाहनचालक म्हणून माझ्या नावावर आजवर एकही दंड, समज अथवा अपघात नोंदलेला नाही. नोंदलेली आहे ती केवळ एक गंजभर (म्हणजे पातेलेभर) वांग्या-बटाट्याची पातळ भाजी, आणि तीही माझ्या होणाऱ्या व्याह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

न्यायालयाच्या कार्यालयात आयुष्य घालवून अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी मोटार चालविण्यास शिकलो. इतर लोक आधी गाडीला हात लावतात आणि नियम नंतर (म्हणजे पोलिसाने थांबविल्यावर) वाचतात. मी मोटार वाहन कायदा आधी वाचला, नियम नंतर वाचले, आणि मगच स्टिअरिंगच्या चाकाला हात लावला. त्या वाचनातून एक तत्त्व माझ्या मनावर कोरले गेले. कायदा वेगाची मर्यादा ठरवितो. सबब जो वेगमर्यादेच्या आत आहे तो निर्दोष आहे. हे तत्त्व मी इतक्या निष्ठेने पाळले, की आमच्या फुलचूरहून गोंदियाच्या बाजारापर्यंत जाताना मला सायकलस्वार मागे टाकून जात आणि जाताना वळून पाहत. त्यांना वेगमर्यादा लागू नाही, हा कायद्यातील दोष आहे, आणि त्याबद्दल मी संबंधितांना पत्र पाठविले आहे. (उत्तर नाही.)

माझ्या गाडीत बसलेला प्रत्येक नातेवाईक उतरताच घराकडे न पाहता आधी नालीकडे का धावतो, याचे मात्र मला नवल वाटे. आमच्या सौ. तर पर्समध्ये लिंबू ठेवूनच बसत. मी एकदा कारण विचारले. त्या म्हणाल्या, "तुमच्या गाडीत बसलं का आतडे पुढच्या सीटवर जाऊन येतात जी." या विधानास वैद्यकीय पुरावा नसल्याने मी ते फेटाळले.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. माझी धाकटी मुलगी मेघा गोंदियातल्या एका दवाखान्यात रक्त तपासण्याचे काम करते. तिने कामठ्याच्या कटरे गुरुजींचा मुलगा नितेश पसंत केला होता. मुलगा इटियाडोह धरणाच्या कालव्यावर नोकरीला, निर्व्यसनी, कमी बोलणारा. मला त्याच्यात एकही दोष सापडला नाही, याचाच मला थोडा संशय आला होता. गुरुजी सेवानिवृत्त विज्ञान शिक्षक. साक्षगंधाची (म्हणजे साखरपुड्याची) तारीख काढण्यासाठी ते एका रविवारी आमच्याकडे येणार होते. आमच्याकडे होणारा इवाई, म्हणजे व्याही, पहिल्यांदा जेवायला येतो तेव्हा लाखोरीच्या डाळीचे वडे आणि पातळ भाजी करावीच लागते. ती भाजी आमच्या सौं.च्या थोरल्या बहिणीइतकी चांगली कोणालाच जमत नाही, आणि त्या राहतात बसस्थानकामागे. सबब ठरले असे, की मी बसस्थानकावरून गुरुजींना घ्यावे, मेहुणीबाईंकडून भाजीचा गंज घ्यावा, आणि दोन्ही सुखरूप फुलचूरला आणावेत.

आदल्या दिवशी मेघा माझ्यासमोर येऊन बसली. ती फार सौम्यपणे बोलत होती, यावरूनच मी सावध व्हायला हवे होते.

"बाबा, दोन गोष्टी मागते. एक, गुरुजींना ऑटोनं येऊ द्या. दोन, लग्न होईपर्यंत त्यांच्या घरच्या कोणाला पत्र लिहू नका."

दुसरी मागणी मी मान्य केली. पहिली मान्य करणे म्हणजे स्वतःविरुद्ध कबुलीजबाब देणे होते. ज्या चालकाच्या नावावर एक रुपयाचा दंड नाही, त्याने व्याह्याला ऑटोत बसवावे? ज्या ऑटोचालकांविरुद्ध मी स्वतः सात तक्रारअर्ज केले आहेत, त्यांच्या हाती? मेघा म्हणाली, "बाबा, मला याच घरी जायचं आहे. एवढं लक्षात ठेवा." मी लक्षात ठेवले. म्हणूनच तर स्वतः गेलो.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास कटरे गुरुजी बसमधून उतरले. पांढराशुभ्र सदरा, पांढरे धोतर, डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा. सदऱ्याच्या वरच्या खिशात घडी केलेला एक कागद होता. भटजींनी त्यावर तीन तारखा काढून दिल्या असून त्यांतली एक आज जेवणानंतर पक्की करायची, असे त्यांनी खिशावर हात ठेवून सांगितले. त्यांना मी मानाने पुढच्या आसनावर बसविले. मेहुणीबाईंनी काठोकाठ भरलेला गंज ताटलीने झाकून, वरून फडका बांधून, मागे बसलेल्या सौं.च्या दोन पायांमध्ये ठेवला. मी आरसे तपासले, पट्टा लावला, गुरुजींना पट्ट्याचे कलम समजावून सांगितले, आणि गाडी पहिल्या गियरमध्ये टाकून क्लच सोडला.

आता क्लच हळू सोडावा की झटक्यात, याविषयी कायद्यात एक अक्षरही नाही. माझा क्लच झटक्यात सुटतो. गाडीने उडी मारली, गुरुजींची टोपी मागच्या आसनावर गेली, आणि सौ. म्हणाल्या, "फडका सुटला जी."

मी काट्याकडे बोट दाखविले. गाडीचा वेग त्या क्षणी ताशी दहा किलोमीटर होता. दहाच्या वेगाने कोणाचा फडका सुटत असेल, तर गाठच कच्ची होती, हे उघड आहे.

पुढे राईस मिलच्या कोपऱ्यावर वळण आले. वेग वीस, वळण्याआधी वीस, वळल्यावरही वीस. मी इशारा दिला, हात दाखविला, आणि चाक नियमानुसार, म्हणजे एकदम, फिरविले. मागून ताटली वाजली. गुरुजी दाराचा दांडा धरून शांतपणे म्हणाले, "इवाई, तुमी वीसनं चालवून राहिले हे मी मीटरवर पाहून राहिलो. पण पोटातलं पाणी कायले हलून राहिलं, तेवढं सांगा."

मी सांगितले, की रस्त्याला खड्डे आहेत आणि त्याबाबतचा माझा पत्रव्यवहार सुरू आहे.

यानंतर सरळ रस्ता लागला. मी अडतीसपर्यंत गेलो. (तिथली मर्यादा चाळीस आहे. मी चाळीस कधीही गाठत नाही. काटा थरथरला तर?) गुरुजी जरा सैल बसले. त्यांनी शेतातल्या धानाचा विषय काढला. आणि नेमक्या त्या क्षणी मला फलक दिसला: पुढे शाळा, वेगमर्यादा वीस. तो फलक कुणा भावी नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे असा झाकला होता, की मला तो पाच पावलांवर येईपर्यंत दिसलाच नाही. त्या नेत्यास शुभेच्छा देणाऱ्या सर्व मित्रमंडळाचे हसरे चेहरे मात्र अर्ध्या किलोमीटरवरून दिसत होते.

वाचकहो, कायदा असे म्हणत नाही, की फलकाच्या पुढे कुठेतरी, सवडीने, आठवण झाल्यावर वीसवर या. फलकाच्या खांबाजवळ वेग वीस असला पाहिजे. मी कायद्याचा माणूस आहे. मी ब्रेकवर उभा राहिलो.

खांबाजवळ काटा बरोबर वीसवर होता. याचा मला आजही अभिमान आहे. गंजातल्या भाजीला मात्र ही मर्यादा कळविण्यात आली नव्हती. ती अडतीसच्याच वेगाने पुढे आली. ताटली गुरुजींच्या डोक्यावरून सामानाच्या कप्प्यावर आपटली आणि तिच्यामागून वांगी, बटाटे, लाल तर्री आणि कोथिंबीर अशा क्रमाने सर्व ऐवज गुरुजींच्या मानेवर, पाठीवर, आणि मान वळवून ते "काऊन" असे विचारू लागले तेव्हा छातीवर दाखल झाला. मग गुरुजींनी खिशातून भटजींचा कागद काढला. त्यावर आता एकच मजकूर वाचता येत होता, तो म्हणजे वांग्याचे देठ.

सौ. म्हणाल्या, "एवढा जोरात ब्रेक कायले मारला जी?"

"वेग वीस आहे," मी म्हणालो. "पाहून घ्या."

गुरुजींनी मानेवरचा बटाटा काढून खिडकीबाहेर टाकला आणि वर्गात बोलावे तसे बोलले. "इवाई, वेगानं काही नाही होत. तो कितीक लवकर बदलला, त्यानं होते. त्याले त्वरण म्हणतात. आठवीच्या पोराले ठाऊक राहते."

आता, भाजी सांडली हा प्रसंग होता. पण "आठवीच्या पोराले" हा अवमान होता. मी तेथेच, दरवाजा उघडण्याआधी, स्पष्ट केले, की त्वरण हा शब्द मी कोणत्याही फलकावर पाहिलेला नाही, त्याच्या मर्यादेबद्दल मला कोणीही कळविलेले नाही, आणि जो नियम प्रसिद्धच झालेला नाही त्याचा भंग होऊ शकत नाही. गुरुजी म्हणाले, "निसर्गाचा नियम गॅझेटात नाही छापून येत."

घरी पोहोचल्यावर दारात आरतीचे ताट घेऊन मेघा उभी होती. तिने तर्रीने न्हालेले भावी सासरे पाहिले, मग मला पाहिले, आणि ताट तिथेच कठड्यावर ठेवले. गुरुजींनी माझा जुना सदरा घातला. तो त्यांना पोटावर बसेना. ते चार वडे कोरडेच खाऊन उठले आणि तारखेबद्दल एवढेच म्हणाले, "मंग सांगतो." त्या "मंग"चा अर्थ आमच्या घरात तीन दिवस लावला जात होता. मेघाने फाटकाशी त्यांच्यासाठी ऑटो आणून उभा केला होता.

यावर मी शांत राहायला हवे होते. परंतु मी दिलेला शब्द "त्यांच्या घरच्या कोणाला पत्र लिहू नका" असा होता, आणि मी लिहिले ते पत्र नव्हते; ती नोटीस होती. तिचा विषय होता: दिनांक अमुक रोजी झालेल्या भाजीपाताबाबत चुकीचे कारण दिल्याबद्दल खुलासा मागणे. मजकुरात मी नमूद केले, की घटनेच्या वेळी वाहनाचा वेग कायदेशीर मर्यादेत होता ही बाब आपण स्वतः मीटरवर पाहिली आहे. सबब सदर भाजी मर्यादेतील वेगाने सांडणे शक्य नसून, ती फडक्याच्या सदोष गाठीमुळे सांडली आहे. तरी आपण "आठवीच्या पोराले" हे शब्द सात दिवसांत मागे घ्यावेत. प्रत माहितीसाठी: सौ., मेघा, मेहुणीबाई (गाठीसंदर्भात).

मेहुणीबाईंनी त्या दिवसापासून आमच्याकडे येणे बंद केले. मेघाने माझ्याशी बोलणे बंद केले. ती केवळ लेखी संपर्क ठेवू लागली. सकाळी चहाच्या कपाखाली चिठ्ठी असे. महोदय, विषय: चहा थंड होत असल्याबाबत. रात्री ताटाखाली दुसरी. विषय: आपल्या एका पत्रामुळे एका मुलीचे लग्न अडल्याबाबत. मजकूर काही नसे. विषयच पुरेसा होता, आणि मी आयुष्यभर असंख्य कार्यालयांना जे केले ते मला प्रथमच पोस्टाविना, घरपोच मिळत होते.

पाचव्या दिवशी गुरुजींचे उत्तर आले. उत्तर म्हणजे माझीच नोटीस होती, लाल शाईने तपासलेली. "मर्यादेतील वेगाने सांडणे शक्य नसून" या ओळीखाली नागमोडी रेघ होती आणि शेजारी शेरा: कारण चूक. वेग आणि त्वरण यांतला फरक पुन्हा वाचा. शेवटी गोल करून गुण दिले होते: दहापैकी दोन. दोन गुण कशाबद्दल, तेही लिहिले होते: अक्षर सुंदर. आणि खाली, रविवारी सकुटुंब कामठ्याला यावे, प्रात्यक्षिक आहे, गाडी मेघाने चालवावी.

मी संतापलो. मी एका न्यायालयाचा निवृत्त अधीक्षक, माझ्या मसुद्यांवर वकिलांनी कधी स्वल्पविराम बदलला नाही, आणि मला दहापैकी दोन! मी उत्तर लिहायला बसलो. मेघाने लेखणीच उचलून नेली. पाच दिवसांनी ती प्रथमच बोलली. "बाबा, तुम्ही येणार आहात. गप्प येणार आहात."

रविवारी कामठ्याला गुरुजी अंगणात उभे होते. आकाश निरभ्र होते, ऊन कडक होते, आणि गुरुजींच्या अंगात गळ्यापर्यंत बटणे लावलेला रेनकोट होता. नितेश मागे उभा राहून जमिनीकडे पाहत होता. (हसू लपविण्याची ही कालव्यावरची पद्धत असावी.) गुरुजींनी हातपंपावरून एक लोटा काठोकाठ भरून आणला, मला पुढच्या आसनावर बसविले आणि लोटा माझ्या मांडीवर, माझ्या दोन हातांत दिला. मेघा चाकाशी बसली. गुरुजी आणि आमच्या सौ. मागे बसल्या-बसवल्या गेल्या, म्हणजे दोघेही मागे बसले.

मेघाने गाडी काढली तेव्हा ती निघाली हे मला बाहेरची झाडे मागे जाऊ लागल्यावर समजले. वीस झाले, तीस झाले, धानाच्या बांध्यांमधल्या सरळ रस्त्यावर साठ झाले. मी फलक शोधत होतो. फलक नव्हता. लोट्यातले पाणी असे स्थिर होते, की त्यात मला माझा चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा मला आवडला नाही.

मागून गुरुजी म्हणाले, "साठवर साठच राहिली, तं वेग मोठा पण त्वरण शून्य. पाण्याले मालूमच नाही पडत का आपण पळून राहिलो. आता तुमी चालवा. फक्त वीस."

जागा बदलल्या. आता गुरुजी रेनकोटसह माझ्या शेजारी, लोटा त्यांच्या मांडीवर, आणि मेघा मागे सौं.जवळ. मी निश्चय केला, की आज कायदाच काय, निसर्गसुद्धा पाळायचा. क्लच मी अत्यंत विचारपूर्वक सोडला. पायाला मात्र इतकी वर्षांची सवय होती. अर्धा लोटा रेनकोटवर गेला. गुरुजी म्हणाले, "हे पाहा. सुटताना तुमचा वेग शून्य होता. तरी त्वरण सगळ्यात जास्त." बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर वळण आले, वेग वीसच होता, तरी पाव लोटा खिडकीवर गेला. "दिशा बदलली तरी वेग बदलला म्हणतात, इवाई. राईस मिलपाशी तेच झालं होतं." मी दात आवळले. एकच पाव उरला होता. तो वाचवायचा, एवढी एकच इच्छा मनात धरून मी गावात शिरलो.

आणि समोर फलक आला. पुढे शाळा, वेगमर्यादा वीस.

माझा वेग बावीस होता.

मी खरे सांगतो, तो पाय माझा नव्हता. तो कायद्याचा होता. लोट्यातले उरलेले पाणी गुरुजींच्या चष्म्यावर गेले आणि लोटा त्यांच्या पायाशी घरंगळला. खांबाजवळ काटा वीसवर होता.

"नियमाप्रमाणे आहे," मी क्षीण आवाजात म्हणालो.

"हो," गुरुजी चष्मा पुसत म्हणाले. "नियमाप्रमाणेच ओला झालो."

मागच्या आसनावर मेघा हसत होती. आधी तोंड दाबून, मग उघड, मग सौ.सुद्धा. पाच दिवस चिठ्ठ्या लिहिणारी मुलगी खदखदून हसत आहे हे आरशात दिसल्यावर मला वाटले, हा लोटा पहिल्याच रविवारी सांडायला हवा होता. गुरुजींनी रेनकोटच्या आतल्या खिशातून भटजींचा नवा कागद काढला. तो प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला होता. तारीख त्यांनी गाडीतच पक्की केली. अट एकच. साक्षगंधाच्या आणि लग्नाच्या दिवशी इवायांनी गाडीच्या चाकाला हात लावू नये. मी ती लेखी मागितली. ते म्हणाले, बोललो तेवढं पुरे. सबब मीच घरी येऊन स्वतःविरुद्ध एक हमीपत्र तयार केले. त्यात पळवाट राहणार नाही असा मसुदा केला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि मेहुणीबाईंना प्रत पाठविली. (गाठ निर्दोष असल्याचे त्यात नमूद केले. त्या पुन्हा येऊ लागल्या.)

साक्षगंधाच्या दिवशी मी मागच्या आसनावर, दोन पायांमध्ये गंज धरून बसलो. चाकाशी मेघा होती. एक थेंबही सांडला नाही.

त्यानंतर मी परिवहन खात्याला एक सविस्तर पत्र लिहिले. फलकांवर केवळ वेगाची मर्यादा असून त्वरणाची नाही, ही त्रुटी तातडीने दूर करावी; तसे न झाल्याने एका निष्पाप नागरिकाच्या हातून पातळ भाजी वाया गेली आहे. आठवड्याने उत्तर आले, की आपल्या अर्जाचा बोध होत नाही. ते वाचून मी जे काही बोललो ते येथे देत नाही. सौ. भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "खुर्चीवरून तं हलत नाही तुमी, अन् डोकं एका सेकंदात शून्यावरून शंभरावर जाते. याले काय म्हणतात, ते इवायाले विचारा ना जी."

हा प्रश्न मी गुरुजींना रीतसर पत्राने विचारला. परतीच्या टपालाने ते पत्र आले, लाल शाईसह. सौं.च्या वाक्याखाली सरळ रेघ होती आणि समासात लिहिले होते: अचूक. दहापैकी दहा, इहीनबाईंना. इवाई, तुमचे दोन कायम.